फोटोवरचा हार

आमच्या गावात चारचौघांत उभं करून माफी मागायला लावायची पद्धत मीच सुरू केली. पुढं ती माझ्यावरच उलटली, ही गोष्ट बरेच जण विसरले आहेत. ज्यांच्या लक्षात आहे, ते लग्नात मी माइक हातात घेतला की मुद्दाम खाकरतात.

गाव भीमेकाठी, वडगाव रासाईच्या अंगाला. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. मी शिरूरला एका शाळेत क्लार्क होतो, पण शाळेत जाणारा माणूस म्हणजे मास्तर असा गावाचा साधा हिशोब, त्यामुळे मी मास्तर. त्यातून माझा आवाज मोठा. पंचक्रोशीतली लग्नं, जावळं, साखरपुडे, दहावे, सगळीकडं माइक माझ्या हातात. कारखान्याचे आजी-माजी संचालक, सोसायटीचे चेअरमन, मुलीचे मामा, मुलाचे मामा, कुणाचं नाव कुणाच्या आधी घ्यायचं याचं शास्त्र मला तोंडपाठ होतं. एखाद्याचं नाव राहिलं तर तो माणूस न जेवता उठतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. मानापमानाच्या बाबतीत तालुक्यात माझ्याइतका जाणकार नाही, असं माझं स्वतःबद्दलचं मत होतं. दुसऱ्या कुणाचं तसं मत असल्याचं कानावर आलं नाही.

आमच्या शेताला लागून एका वहिनींचं शेत. म्हणायला वहिनी, तसं रक्ताचं नातं काही नाही. त्यांच्या घरात सासऱ्यांपर्यंत मेंढरं होती, बाराही महिने भटकंती. मालकांनी ती मोडून विहीर पाडली आणि पुढं चार वर्षांत ते गेलेच. वहिनींनी दोन म्हशी ठेवल्या, आठवणीला म्हणून थोडी मेंढरंही ठेवली. त्या मेंढरांनी आमच्या सामाईक बांधावरचं गवत खाल्लं, यावरून माझं आणि त्यांचं वाजलं. गवत कुणाचं, या प्रश्नावर मी त्यांना अर्धा तास व्याख्यान दिलं होतं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद केलं. मला वाटलं, माझे मुद्दे त्यांना पटले.

त्यांचा धाकटा मुलगा फौजेत होता.

कारगिलच्या लढाईच्या आधीच्या हिवाळ्यात तो सुट्टी संपवून परत निघाला, त्या दिवशी मी त्याच एसटीत होतो. त्याच्याजवळ मोठी काळी ट्रंक. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडायला घेतलं. माझं टाळकं सरकलं. देशासाठी जीव द्यायला निघालेल्या जवानाच्या ट्रंकेला तिकीट? मी गाडी थांबवायला लावली. फूटबोर्डवर उभा राहून आत बसलेल्यांना आणि थांब्यावर उभ्या असलेल्यांना एकाच वेळी ऐकू जाईल असं भाषण केलं. लोक तापले. दोघा-तिघांनी कंडक्टरला खाली उतरवलं. त्या बिचाऱ्यानं सगळ्यांसमोर हात जोडले, जवानाची माफी मागितली, तेव्हा कुठं गाडी हलली. मी जागेवर बसलो तेव्हा छाती दोन इंच फुगलेली होती.

पोरगा खाली मान घालून बसला होता. शिरूर जवळ आल्यावर हळूच म्हणाला, "काका, लगेजचं तिकीट नियमानंच व्हतं. आमाला तसं काय माफ न्हाई." मग उतरताना त्यानं कंडक्टरच्या हातात तिकिटाचे पैसे ठेवले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला. हे मी गावात सांगितलं नाही. भाषण मात्र सगळ्यांना सांगितलं.

तर अशी ती पद्धत सुरू झाली. पुढं मग गावातल्या तरुण मंडळानं ती मनावर घेतली. टपरीवर कुणी फौजेबद्दल वाकडं बोलला, की त्याला पारावर आणून माफी मागायला लावायची. एकाला तर नुसतं "फौजेत जेवन चांगलं असतं, पोरं अंगानं सुटत्यात" असं म्हणाला म्हणून आणलं होतं. त्याचं स्वतःचं पोरगं भरतीला तीनदा जाऊन आलेलं, ते कुणी विचारात घेतलं नाही. माइक अर्थात मीच धरला होता.

उन्हाळ्यात कारगिलची लढाई सुरू झाली आणि गावातल्या प्रत्येक टीव्हीसमोर माणसं जमू लागली. वहिनींचा मुलगा तिकडंच कुठंतरी वर होता. कुठं, ते कुणालाच माहीत नव्हतं. आधी तो दर रविवारी एसटीच्या पिकअप शेडजवळच्या एसटीडी बूथवर फोन करायचा. वहिनी जेवण उरकून तिथं जाऊन बसायच्या. जूनमध्ये फोन यायचे थांबले. वहिनी तरी जात राहिल्या. बूथवाला दर वेळी रिसीव्हर उचलून कानाला लावून बघायचा, लाइन चालू आहे का म्हणून. तिथून स्कूटरवरून जाताना मला त्या दिसायच्या. एकदा तरी थांबून चार शब्द बोलावेत असं वाटायचं, पण बोलायचं काय, हे मला सुचायचं नाही. ज्याला मुलीच्या मामांच्या साडूंपर्यंत सगळ्यांची नावं सुचतात, त्याला हे सुचत नव्हतं.

मंडळाच्या पोरांना स्वस्थ बसवेना. त्यांनी त्याचा पासपोर्ट साइज फोटो शिरूरच्या स्टुडिओत नेऊन भलामोठा करून आणला. मोठा करताना गाल जरा जास्तच रुंद झाले होते, पण वर्दीतला म्हणून रुबाबदार दिसत होता. फ्रेम करून तो पिकअप शेडमध्ये टेबलावर मांडला, मागं तिरंगा. वहिनी रोज सकाळी दुधाची किटली घेऊन डेअरीवर जाताना त्याच्यासमोर थांबायच्या. पदरानं काचेवरची धूळ पुसायच्या आणि पुढं जायच्या.

मग एका रात्री टीव्हीवर बातमी आली, एक मोठं शिखर आपल्या ताब्यात आलं. पोरांनी गुलाल उधळला, फटाके वाजवले. मी लवकर झोपणारा माणूस, कूस बदलून परत झोपलो.

सकाळी शाळेत काही काम होतं म्हणून लवकर निघालो. पिकअप शेडशी आलो आणि माझ्या हातातली स्कूटर बंद पडली. फोटोला हार घातला होता. झेंडूचा, चांगला जाडजूड. कपाळाच्या जागी काचेवर कुंकवाचं बोट. समोर उदबत्त्यांचा पुडा जळून राख झालेला.

मला वाटलं, पोरगा गेला. रात्रीत निरोप आला आणि मला कुणी उठवलंसुद्धा नाही. ट्रंकेवर हात ठेवून खाली मान घालून बसलेला तो डोळ्यांसमोर आला आणि खरं सांगतो, मला रडू फुटलं.

मग जमिनीवरचा गुलाल दिसला. फटाक्यांचे कागद दिसले. गेलेल्या माणसाला कुणी फटाके लावत नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पोरांनी आनंदाच्या भरात त्याचा सन्मान केला होता, आणि फोटोचा सन्मान म्हणजे काय, हे त्यांना जे ठाऊक होतं तेच केलं होतं: कुंकू, उदबत्ती, हार. प्रत्येक कार्यक्रमात ते हेच बघत आले होते. "आता मान्यवरांनी प्रतिमेला पुष्पहार अर्पण करावा अशी मी विनंती करतो," हे वाक्य लहानपणापासून त्यांच्या कानावर पडलेलं. ते म्हणणारा कोण, हे वेगळं सांगायला नको. ज्यांच्या प्रतिमांना आपण हार घालतो ती सगळी माणसं जाऊन जमाना झालेला असतो, एवढंच सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

मी मागं वळून बघितलं. डेअरीसमोर दूध घालणाऱ्यांची रांग लागली होती. आणि पलीकडं, वेशीच्या वळणावर, वहिनी डोक्यावर किटली घेऊन येत होत्या.

त्यांच्या घरात एक हार घातलेला फोटो आधीच होता, मालकांचा. हार घातलेला फोटो म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. महिनाभर फोन नाही, आणि आता हे समोर. मी स्कूटर तशीच टाकली आणि फोटोकडं पळत सुटलो. माझ्या पळण्याबद्दल जास्त लिहीत नाही. पोट पुढं, चप्पल मागं, असा काहीसा तो प्रकार होता. हार ओढला. तो फ्रेमच्या मागच्या खिळ्यात अडकलेला. आणखी जोरात ओढला. हार हातात आला, आणि फ्रेम टेबलावरून खाली. काच खळ्ळकन फुटली.

डेअरीवरची सगळी रांग वळून बघत होती.

मी उदबत्तीची राख फुंकली, फ्रेम उलटी करून टेबलावर ठेवली, हार स्कूटरच्या डिकीत कोंबला आणि किक मारली. जाताना वहिनींच्या शेजारून गेलो. त्यांच्याकडं बघायची हिंमत झाली नाही.

दुपारपर्यंत गावात काय झालं ते मला शाळेत फोनवर कळलं. मास्तरनं जवानाच्या फोटोचा हार तोडला. फोटो आपटला. काच फोडली. बांधाच्या भांडणाचा राग काढला. दूध घालणारे सगळे साक्षीला होते, आणि त्यांनी जे बघितलं त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर संध्याकाळपर्यंत थांबलो नसतो, दुपारीच फूटबोर्डवर चढलो असतो.

संध्याकाळी मंडळाचा अध्यक्ष चार-पाच जणांना घेऊन घरी आला. माझ्याच हाताखाली माइक धरायला शिकलेला पोरगा. म्हणाला, "मास्तर, उद्या बाजार हाय, देवळाम्होरं माफी मागायची. माइकवर. आन् वहिनींच्या पाया पडायचं. न्हाईतर आमी शाळेत तक्रार करनार."

मी त्याला बाजूला घ्यायला गेलो. "एक मिनिट इकडं ये, तुला काय ते सांगतो."

"बाजूला काय न्हाई," तो म्हणाला. "जे काय सांगायचं ते सगळ्यांम्होरं सांगा. तुमचीच शिकवन हाय."

शिकवण माझीच होती, ते खरं. कंडक्टरला मी बाजूला घेतलं नव्हतं.

रात्रभर मी विचार केला. खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तो हार मेलेल्या माणसाचा आहे, म्हणून काढला. हे वाक्य मनात जुळवतानासुद्धा मी मध्येच थांबत होतो. देवळासमोर वहिनी बसणार. त्यांच्यासमोर, कर्ण्यावरून, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं हे बोलायचं? आणि अध्यक्षाच्या कानात सांगितलं, तर बाजार उठायच्या आत ते वहिनींपर्यंत पोचणार. मग रविवारी बूथवर त्या काय मनात घेऊन बसणार? नको. फोटोसुद्धा मी पालथा ठेवला होता, तोही अपशकुनच, हे आठवून मन आणखी खचलं. त्यापेक्षा बांधाचा राग बरा. बांधाचा राग गावाला समजतो.

आयुष्यभर काही कारण नसताना बोलत आलो, आणि एकदाच खरं कारण हाताशी होतं तेव्हा तोंड बंद ठेवायची पाळी आली. बायकोला फक्त सांगितलं. ती म्हणाली, "गप ऱ्हावा. जमंल का?"

दुसऱ्या दिवशी देवळासमोर हीऽ गर्दी. मंडपवाल्यानं माइक लावला होता, तो चालेना. अध्यक्ष फुंकर मारतोय, वायर हलवतोय. शेवटी माझ्यानं बघवेना. मी उठून अँप्लिफायरची पिन नीट बसवली, "हॅलो, हॅलो, चेक" केलं, आणि माझ्या बदनामीसाठी आवाज स्पष्ट आहे याची खात्री करून घेतली.

मग सवयीनं घात केला. तोंड उघडलं ते "सन्माननीय व्यासपीठ" म्हणूनच. सरपंचांचं नाव घेतलं, सोसायटीच्या चेअरमनचं घेतलं, आप्पांचं, आबांचं, मंडळाच्या अध्यक्षांचं घेतलं, "आणि आजच्या या कार्यक्रमासाठी आवर्जून उपस्थित राहिलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो" इथपर्यंत आल्यावर लक्षात आलं, की या कार्यक्रमाचा उत्सवमूर्ती मीच आहे. मागून कुणीतरी हसलं. सरपंच म्हणाले, "मास्तर, मुद्द्यावर या."

मी मुद्द्यावर आलो. बांधावरून माझ्या मनात राग होता. त्या रागाच्या भरात माझ्या हातून जवानाच्या प्रतिमेचा अवमान झाला. मी गावाची, फौजेची आणि त्या माउलीची माफी मागतो. एवढं बोलून थांबायला हवं होतं, पण आवाज चढायला लागला की मला थांबता येत नाही. हिमालयापासून सुरुवात करून मी भीमेपर्यंत आलो. शेवटी तर टाळ्या पडल्या. दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. खोटं बोलत होतो, पण त्या पोरासाठी जिवाला लागलेला घोर खोटा नव्हता. त्यात टाळ्या ऐकून क्षणभर बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

मग पाया पडायला गेलो. वहिनी बायकांच्या पुढं बसल्या होत्या, पदर डोक्यावरून घट्ट. दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. मी वाकलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, हार कुठं टाकला?"

त्यांनी तो पाहिला होता. वेशीच्या वळणावरूनच पाहिला होता. मी वाकलेलाच राहिलो. वर बघायचा धीर होईना.

"नदीला सोडला, वहिनी."

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "उठा आता."

एवढंच. त्याही बोलू शकल्या असत्या. एका वाक्यात मला सोडवू शकल्या असत्या. पण त्या वाक्यात जो शब्द आला असता, तो त्यांच्याही तोंडातून निघणार नव्हता. गर्दीत आम्हा दोघांनाच ते ठाऊक होतं. आणि माझी त्या घडीला अडचण अशी एकच होती, की हार नदीला सोडलेलाच नव्हता. तो डिकीत होता, कालच्या डब्याच्या आणि तेलकट फडक्याच्या मधे.

लोक पांगायच्या आत मी नदीवर पोचलो. वरच्या धरणातून पाणी सुटलं होतं, भीमा भरून चालली होती. हार टाकला तर तो काठाच्या केंदाळात, त्या पाणवेलींतच अडकला. काठीनं ढकलला, हलेना. शेवटी पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर घेऊन चिखलात उतरलो आणि हातानं नेऊन धारेला लावला. धुणं धुणाऱ्या बायका बघत होत्या. एक म्हणाली, "मास्तर, आता आनखी काय बुडवताय?" मी काही बोललो नाही. बायकोनं सांगितलं होतंच. पिवळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत मी तिथं उभा राहिलो आणि देवाला म्हणालो, आता तरी फोन कर म्हणावं त्याला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मंडळानं फोटोला नवी काच बसवून घेतली, पण हार परत घातला नाही. मी परत तोडीन अशी त्यांना भीती होती. चला, तेवढा तरी उपयोग झाला. लग्नांचं माइकचं काम तोवर माझ्याकडून गेलं होतं. लोक माझ्या मागं बरंच काय काय म्हणत. ते मला लागत नव्हतं असं नाही. चांगलंच लागत होतं. पण रविवारी दुपारी बूथच्या दारात वहिनी दिसल्या, की मी स्कूटर हळू करायचो आणि त्या नुसती मान हलवून "न्हाई" म्हणायच्या. दोन वर्षांच्या अबोल्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं ते या एका शब्दानं.

मग पावसाळा सरता सरता एका रविवारी त्यांनी मान हलवली नाही. रिसीव्हर कानाला होता. बूथवाला बाहेर येऊन काच पुसत उभा होता, पुसण्यासारखं काही नसताना. मी स्कूटर बंद केली. वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पायाला लागलंय. दवाखान्यात हाय. पर हाय." मला तिथंच पायरीवर बसावं लागलं.

दिवाळीच्या तोंडावर तो आला. जम्मूहून येणाऱ्या गाडीनं दौंडला उतरला, तिथून मंडळानं त्याला जीपमधून आणलं. लंगडत होता, बारीक झाला होता. फोटोतले रुंद गाल कुठल्या कुठं गेले होते. देवळासमोर तेच मैदान, तोच मंडपवाला. अध्यक्षाला एवढ्या गर्दीसमोर बोलता येईना, म्हणून त्यानं नाइलाजानं माइक माझ्या हातात दिला आणि बजावलं, "मास्तर, फकस्त नावं घ्यायची."

मी फक्त नावं घेतली. सरपंच हार घालायला उठले. ताटात जाडजूड हार, झेंडूचाच. तेवढ्यात बायकांमधून वहिनी उठल्या. त्या अशा कार्यक्रमात कधी उठत नसत.

"हार भाऊजी घालतील," त्या म्हणाल्या.

अध्यक्ष गडबडला. "वहिनी, अवं, यांनीच तर त्यो फोटोचा..."

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "म्हनूनच."

कुणाला काही कळलं नाही. लोकांनी त्याचा अर्थ असा लावला, की माउलीचं मन मोठं आहे, तिनं मास्तरला माफ केलं. बायकांनी हात जोडले. मी ताटातला हार उचलला. पोरगा उंच, मी बुटका. तो माझ्यासाठी वाकला. हार आधी माझ्या चष्म्यात अडकला, मग त्याच्या कानात. शेवटी गळ्यात नीट बसला. हार त्याच्या छातीवर पडला आणि त्याच्या श्वासाबरोबर खालीवर होत राहिला. मी बघतच राहिलो.

"काका, बोला की," पोरगा हळूच म्हणाला.

माइक माझ्या हातात होता, आणि या वेळी चालूही होता. तरी मी तो अध्यक्षाकडं दिला आणि खाली येऊन बसलो. माझ्या मागं बसलेला एक जण शेजारच्याला म्हणाला, "बघ, अजून लाज वाटतीय त्यांना."